रुग्णाचे म्हणणे

डॉ. अनिरुद्ध मोघ्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, एक काळी डबी बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्यावरचं बटण दाबलं. डबीच्या कडेने हिरवा उजेड फिरला. मग त्यांनी हाताला जंतुनाशक चोळलं आणि ते हसले. समोर मैनुद्दीन अत्तार बसले होते, पण डॉक्टर हसले ते डबीकडे बघून.

"घाबरू नका हं. ही आपलं बोलणं ऐकते. एआय आहे. मी तुम्हाला काय काय सांगितलं त्याचा सोप्या मराठीत गोषवारा करून मोबाइलवर पाठवते. आणि मी एखादी गोष्ट सांगायची विसरलो, तर मलाही पकडते. डॉक्टर आणि पेशंटमधला संवाद सुधारावा म्हणून हॉस्पिटलने मुद्दाम घेतलीय."

"वा," मैनुद्दीन म्हणाले. "म्हणजे आज तुमची तोंडी परीक्षा."

डॉक्टर पुन्हा हसले. मैनुद्दीन यांच्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा तालिब मात्र हसला नाही. तो हिंजवडीत असल्याच कसल्याशा कामात होता. त्याने डबीकडे कौतुकाने पाहून घेतलं आणि खुर्ची डॉक्टरांच्या बाजूला जराशी ओढली.

मैनुद्दीन महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. बिबवेवाडीत अजून कुणी त्यांना नावाने हाक मारत नसे. सगळ्यांचे ते अत्तार सर. बायोप्सीचा रिपोर्ट आला होता आणि त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. बाहेर पसरलेला नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. ऑपरेशन करायचं की रेडिएशन घ्यायचं, हे ठरवायला बापलेक आले होते. मैनुद्दीन यांच्या बायकोला, जरीनाला, बरोबर आणावं का, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नव्हता.

डॉक्टरांच्या कोपराजवळ एक पडदा होता. त्यावर मुद्द्यांची यादी होती आणि एकेक मुद्दा बोलून झाला की पुढे हिरवी खूण उमटत होती. डॉक्टर मुद्दा सांगताना डबीकडे झुकायचे, शब्द सुटासुटा उच्चारायचे, खूण उमटली की सरळ व्हायचे. स्टेशनवरच्या घोषणेत सुद्धा याहून जास्त जिव्हाळा असतो.

"दोन्ही उपचारांनी आयुर्मान साधारण सारखंच." खूण. "ऑपरेशननंतर मूत्रगळती होऊ शकते. म्हणजे लघवीवर ताबा राहत नाही. काहींना थोडे महिने, काहींना कायम." खूण. "रेडिएशनमध्ये गळती कमी, पण जळजळ, सारखं जावं लागणं, संडासच्या जागेचा त्रास." खूण.

मैनुद्दीन पुढे सरकले. "गळती म्हणजे कितपत हो? थेंब थेंब, की..."

"अब्बा, ते मी सगळं वाचलंय," तालिब हलक्या आवाजात म्हणाला. "पॅड मिळतात. बाहेरून कळतसुद्धा नाही."

"फार छान पॅड येतात आता," डॉक्टर म्हणाले.

छान! बायोप्सीनंतर काही दिवस मैनुद्दीन यांना लघवीवर ताबा राहिला नव्हता. उठताना, खोकताना, पायजमा ओला. त्या वासाची त्यांना अशी शिसारी बसली होती की ते दिवसातून तीनतीनदा कपडे बदलत आणि बाथरूमचं दार लावून स्वतःच धूत. घरात कुणाला कळलं नाही, असं ते धरून चालले होते. आणि हा तरुण, गोरा, स्वच्छ हातांचा माणूस त्या सगळ्याला छान म्हणत होता.

"आता लैंगिक क्षमता," डॉक्टर डबीकडे झुकले. आवाज हळू करायची सोय नव्हती. डबीला नीट ऐकू जायला हवं होतं. "दोन्हींमध्ये ताठरता कमी होण्याची किंवा जाण्याची शक्यता आहे. त्याबद्दल आपल्याला काय वाटतं?"

मैनुद्दीन भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघू लागले. तालिबचे कान लाल झाले.

"त्यांना... म्हणजे आम्हाला, त्या बाबतीत काही प्रॉब्लेम नाही डॉक्टर," तो घाईघाईने म्हणाला. "या वयात आता त्याचं काय."

खूण उमटली.

तालिबला दोष तरी कसा द्यायचा? त्यांच्या घराची रीतच तशी होती. ज्या गोष्टीने मोठ्या माणसाला मान खाली घालावी लागेल, ती धाकट्याने पुढे होऊन उचलायची आणि नजरेआड करायची. याला ते लिहाज म्हणत. मैनुद्दीन यांनी स्वतःच्या वडिलांच्या आजारपणात हेच केलं होतं, आणि वडील तेव्हा असेच एका बाजूला बघत बसले होते. तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं स्वतःबद्दल.

"मग ऑपरेशनच करून टाकू," तालिब म्हणाला. "मुळातून काढलं की विषय संपला. नाही का अब्बा?"

मैनुद्दीन यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सने दार ढकलून पुढच्या पेशंटची फाइल आत दिली, डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार ठरून गेला. डबीचा दिवा विझला. मैनुद्दीन यांचं तोंड उघडलं तसं मिटलं.

*

संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. तालिबची बायको नाजिमा भाकऱ्या वाढत होती. नात अरिबा एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने बापाच्या मोबाइलवर गाणी बदलत होती. गाणी कपाटावरच्या स्पीकरवर वाजत होती. मोबाइल खणाणला, तसा तालिबने तो तिच्या हातून घेतला.

"आला बघा गोषवारा. ऑडिओपण आहे. थांबा अब्बा, लावतो. अम्मी, तू पण ऐक, तुलाही कळेल ऑपरेशनमध्ये काय काय असतं."

त्याने बोट टेकवलं. मोबाइल अजून स्पीकरला जोडलेलाच होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. कपाटावरून एका बाईचा साखरेत घोळलेला आवाज खोलीभर पसरला.

"नमस्कार मैनुद्दीनजी! आज आपला डॉक्टरांशी झालेला संवाद अतिशय छान झाला. आपला आजार प्रोस्टेट ग्रंथीपुरता मर्यादित आहे, ही आनंदाची बातमी आहे."

"किती स्पष्ट बोलते," नाजिमा कौतुकाने म्हणाली.

"मूत्रगळती. रुग्णाचे म्हणणे: मला याची पूर्ण कल्पना आहे. पॅड वापरण्यास मी तयार आहे."

मैनुद्दीन यांचा घास हातात राहिला.

"लैंगिक क्षमता. उपचारानंतर लिंगाला ताठरता न येणे, तसेच समागमात..."

तालिब मोबाइलवर तुटून पडला. पण घाबरलेल्या माणसाची बोटं कधी जागेवर पडतात? आवाज बंद व्हायच्या ऐवजी वाढला. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडंच असायचं त्या वेळेला.

"रुग्णाचे म्हणणे: मला या बाबतीत काही अडचण नाही. माझ्या वयात त्याची गरज राहिलेली नाही."

नाजिमा भाकरीचं ताट तसंच घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने आतून नळ मोठा सोडला. जरीनाने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

"पप्पा, ताठरता म्हणजे?" अरिबाने विचारलं. "इज इट लाइक, स्टिफनेस?"

"तू आत जा!"

"पण मी जेवतेय!"

"आत जा म्हटलं ना!"

अखेर तालिबने स्पीकरची वायरच उपटली. खोलीत फक्त नळाचा आवाज राहिला. मैनुद्दीन यांनी हातातला घास ताटाच्या कडेला ठेवला आणि तांब्यातल्या पाण्याने ताटातच हात धुतला. जेवण टाकून उठणं हा त्या घरात गुन्हा होता. आजवर त्यांनीच तो कुणाला करू दिला नव्हता.

"हे मी म्हणालो?" ते म्हणाले.

"अब्बा, ते मशीन आहे, त्याला आवाजातला फरक..."

"नाही, मला बघायचंय. कधी म्हणालो मी? त्या बाईला फोन लाव. विचार, मैनुद्दीन अत्तार आणखी काय काय म्हणाले. संन्यास घ्यायला तयार आहेत का? मयतीचं सामान त्यांना कुठल्या दुकानातलं आवडेल?"

"मी तुमच्या भल्यासाठीच बोललो ना!"

"माझ्या तोंडाने?"

तालिबचा संयम सुटला. दिवसभराची रजा टाकली होती त्याने. बापाच्या आजाराने त्याची झोप उडाली होती, हे कुणी विचारात घेत नव्हतं. "मग बोलायचं होतं ना तिथे! तोंड होतं की तुम्हाला! मी काय हात धरला होता?"

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच फार झोंबलं. मैनुद्दीन उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना किळस आली होती. त्या गोड आवाजाची, त्या डबीची, तिच्याकडे झुकणाऱ्या डॉक्टरची, आणि सगळ्यात जास्त त्या खुर्चीत मान हलवत बसलेल्या एका म्हाताऱ्याची, जो म्हणे पॅड वापरायला तयार होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तालिब कंपनीच्या बसला गेला, अरिबा शाळेत गेली. जरीना गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने एक पायजमा झटकला, दोरीवर टाकला, आणि त्याची नाडी सरळ करता करता म्हणाली,

"हे तुम्ही धुता ना, तेव्हा साबण नीट निघत नाही. मला देत जा."

मैनुद्दीन पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"एका बाथरूमचं घर आहे हे. ठाऊक नसायला काय झालं?" तिने चिमटा लावला. "मशिदीत जाणं बंद केलंत तेव्हाच कळलं."

घराच्या मागच्या गल्लीत एक छोटी मशीद होती. तिथले इमामसाहेब दुपारी दुसरीकडे मुलांना शिकवायला जात, म्हणून दुपारच्या नमाजेला मैनुद्दीन पुढे उभे राहत. पुढे एकटे ते, आणि मागे रांगेत गल्लीतले आठदहा म्हातारे, गॅरेजमधली पोरं, कधी एखादा रिक्षावाला. पगार नाही, पद नाही. पण निवृत्त झाल्यापासून दिवसातल्या त्या एवढ्या वेळासाठी ते सकाळपासून तयार होत असत. आणि नमाजेच्या आधी वजू करायचा, म्हणजे हातपाय धुऊन शुद्ध व्हायचं, त्यानंतर लघवीचा एक थेंब जरी गेला तरी ते सगळं फुकट. बायोप्सीनंतरच्या दिवसांत ते घरातच, दार लावून, पुन्हा पुन्हा हातपाय धूत नमाज पढत होते. पुढे कोण उभं राहतंय, हे त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

"धर्मात सवलत आहे की," जरीना म्हणाली. "ज्याला ताबा नाही त्याने दर नमाजेच्या वेळी नव्याने वजू करावा आणि खुशाल पढावी."

"आहे. पण त्याने मागे उभं राहायचं. चांगल्या माणसांच्या पुढे उभं राहायचं नाही." त्यांनी पेपर खाली ठेवला. "मरणाला मी भीत नाही, जरीना. म्हणजे भितो, पण तेवढा नाही. पॅड बांधून, स्वतःचा वास घेत, मागच्या रांगेत चपलांजवळ उभं राहायचं? आणि सगळ्यांनी वळून बघायचं, अत्तार सर मागे का? रेडिएशनमध्ये गळती कमी असते, तो डॉक्टर आपल्या तोंडानेच म्हणाला. मग मला ते हवंय. एवढंच म्हणायचं होतं."

"मग म्हणालात का नाही?"

"कुणी विचारलं?"

"आता जाऊन सांगा. गुरुवारच्या आत. मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"तुम्हाला मध्येच कुणी गप्प करू नये म्हणून." ती रिकामी बादली घेऊन आत आली आणि त्यांच्या समोर टेकली. जरा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "आणि काल ती बाई दुसरंही काहीतरी म्हणाली."

"ते सोड."

"कसं सोडू? बायोप्सीपासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता."

"मला माझाच वास येतो."

"मला नाही येत," जरीना म्हणाली. "मला एवढंच म्हणायचंय, की..."

"जरीना." हा त्यांचा वर्गातला आवाज होता. "ती घाण पुन्हा या घरात नको. पोरीबाळींसमोर शोभा झाली तेवढी पुरे."

पोरीबाळी घरात नव्हत्या. नाजिमा खाली भाजी आणायला गेली होती. जरीनाने आजूबाजूला एकदा बघितलं, बादली उचलली आणि ती आत गेली.

*

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीला त्यांचं पुन्हा येणं मुळीच पसंत पडलं नाही.

"पण काका, तुमचं कन्सल्टेशन तर झालंय. आणि स्कोअर इतका मस्त आलाय! या महिन्यातला सरांचा बेस्ट. सगळे पॉइंट्स कव्हर्ड."

"अभिनंदन," मैनुद्दीन म्हणाले. "त्या परीक्षेला फक्त मी बसायचा राहिलो. तेवढं आज उरकून घेऊ म्हणतो. आणि तो मोबाइल नंबर बदला. माझा लिहा."

जरीना त्यांच्या मागे उभी होती. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. तोंडावर हात ठेवून ती हसली, आणि ते हसू मैनुद्दीन यांना कळलं, बरंही वाटलं.

आत डॉक्टरांनी डबी पुढे घेतली. ती चालू केल्याशिवाय बोलायची त्यांना परवानगी नव्हती म्हणे. मैनुद्दीन म्हणाले, असू द्या, आज ती हवीच आहे मला. आणि मग ते बोलले. फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसे बोलले. तालिब जे म्हणाला ते त्याचं म्हणणं, माझं नव्हे, इथून सुरुवात केली. गळतीबद्दल बोलले, वासाबद्दल बोलले, मशिदीतल्या पुढच्या जागेबद्दल बोलले. दोनदा त्यांचा आवाज अडकला. दोन्ही वेळा जरीनाने त्यांच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं, पण मध्ये बोलली नाही.

डॉक्टर आधी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर खूण उमटत नव्हती. नमाज, रांग, पुढे उभं राहणं, असलं काही यादीत नव्हतंच. थोड्या वेळाने त्यांनी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं.

"हे मला आधी कळायला हवं होतं," ते म्हणाले. आवाज डबीसाठी काढलेला नव्हता. "सर, मी विचारायला हवं होतं. तुमच्या दृष्टीने बघितलं तर रेडिएशनच बरं. गळती अजिबात होणार नाही असं वचन मी देत नाही. पण शक्यता बरीच कमी."

मैनुद्दीन खुर्चीत मागे रेलले. इतक्या दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

"फक्त एक आहे," डॉक्टर म्हणाले. "रेडिएशनबरोबर काही महिने इंजेक्शनं घ्यावी लागतील. हार्मोनची. त्याने माणसाची इच्छाच जाते. म्हणजे नुसती ताकद नव्हे, जवळ जावंसंच वाटत नाही. स्वभाव बदलतो, चिडचिड होते. इंजेक्शनं थांबल्यावर बरेच जण पूर्ववत होतात, तुमच्या वयात सगळेच होतात असं नाही. आणि रेडिएशनचा परिणाम पुढे हळूहळू दिसतो, तो वेगळाच."

"चालेल," मैनुद्दीन म्हणाले.

पडद्यावर एक ओळ पिवळी होऊन लुकलुकत होती. डॉक्टरांनी ती वाचली आणि ते जरीनाकडे वळले.

"ताई, हा निर्णय दोघांचा असतो. तुम्हाला काही विचारायचंय याबद्दल? काही म्हणायचंय?"

जरीनाने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. ती खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे आली. तिने एकदा डबीकडे, एकदा डॉक्टरांकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"मला असं..."

"तिला काही विचारायचं नाहीये," मैनुद्दीन म्हणाले. "ती कसली विचारतेय असलं? माझ्यासारखंच आहे तिचं. लिहा तुम्ही, दोघांनाही मान्य."

ते हे हसून म्हणाले, अगदी प्रेमाने म्हणाले. परक्या पुरुषासमोर बायकोवर असलं उत्तर द्यायची वेळ येऊ नये, म्हणून म्हणाले. पिवळी ओळ हिरवी झाली.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी डबी बंद केली.

*

बाहेर पडल्याबरोबर त्यांना रिक्षा मिळाली. ती पुलापर्यंत आली नाही तोच मैनुद्दीन यांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाशी घट्ट धरला. तोच साखरेतला आवाज होता, पण आज त्यांना त्याची तेवढी शिसारी आली नाही. त्यांचं म्हणणं त्यात होतं. नमाज होती, पुढची जागा होती, चपलांजवळची मागची रांग होती. मान हलवत ते ऐकत राहिले, बरोबर उत्तर आलेल्या वहीवर मान हलवावी तसे.

"ऐक," त्यांनी मोबाइल जरीनाच्या हातात दिला. "शब्दन् शब्द टिपलाय. मशीन वाईट नाही, समोरचा बोलला पाहिजे. तालिबला ऐकवतो रात्री. बघू दे म्हणावं."

जरीनाने पदर मागे सारून मोबाइल कानाला लावला. रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट चालला होता, म्हणून तिने दुसऱ्या कानावर तळवा ठेवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. शेवटचं वाक्य तिने पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मोबाइल कानापासून जरा दूर होता, त्यामुळे या वेळी ते मैनुद्दीन यांनाही ऐकू आलं.

"पत्नीचे म्हणणे: मला काहीही शंका नाही. या निर्णयाला माझा मनापासून पाठिंबा आहे."

तिने मोबाइल परत दिला. दोन बोटांत, कडेला धरून दिला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. किळस होती, आणि ती लपवायची तसदी तिने घेतली नाही.

"मी कधी म्हणाले हे?"

"अगं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..." मैनुद्दीन बोलता बोलता थांबले. रिक्षाच्या आरशात रिक्षावाल्याचे डोळे दिसत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "बरं, काय म्हणायचं होतं तुला? सांग आता."

"आता तुमच्या त्या बाईलाच विचारा," जरीना म्हणाली. "तिला सगळं ठाऊक असतं."

सिग्नलला रिक्षा थांबली. जरीनाने मांडीवरची पिशवी उचलली, दोघांच्या मधल्या जागेत नीट उभी करून ठेवली, आणि ती बाहेर बघू लागली.